दप्तराबाहेरचे हसू

परवा शुक्रवारी जागतिक रेडिओ दिन साजरा झाला आणि उद्या सोमवारी दादासाहेब फाळके यांची पुण्यतिथी आहे. पहिल्या दिवसाच्या निमित्ताने आकाशवाणीच्या सुवर्णकाळाचे ठरावीक गोडवे गाऊन झाले, आणि दुसऱ्या दिवशी पांडवलेण्यांच्या पायथ्याशी असलेल्या स्मारकात हारतुऱ्यांचा शिरस्ता यथासांग पार पडेल, यात शंका नाही. या दोन तिथींच्या मध्ये सापडलेल्या रविवारी, कोणत्याही समारंभाच्या कार्यक्रमपत्रिकेत न बसणारा एक प्रश्न वाचकांपुढे ठेवावासा वाटतो: जे एकदा ध्वनिक्षेपित झाले आणि घरोघरी ऐकले गेले, त्यातले काय राखावे आणि काय पुसावे याचा निवाडा करतो कोण?

नाशिककरांना हा प्रश्न परका नाही, कारण त्याचे एक टोक देवळालीच्या छावणीत आहे. विलायतेस परतणाऱ्या गोऱ्या शिपायांना जहाजाची वाट पाहत तेथे उन्हात कसे खितपत पडावे लागे आणि त्यापायी देवळालीचे नाव इंग्रजी बोलीत वेडाचा पर्याय कसे होऊन बसले, ही कथा सर्वश्रुत असल्याने तिची पुनरुक्ती नको. तितकेसे ठाऊक नसते ते हे की, महायुद्धाच्या काळात याच देवळालीत रॉयल आर्टिलरीच्या करमणूक पथकात असलेल्या जिमी पेरी नावाच्या तरुणाने पुढे डेव्हिड क्रॉफ्ट यांच्या सहकार्याने तशाच एका पथकावर 'इट एन्ट हाफ हॉट मम' ही विनोदी मालिका लिहिली, आणि १९७४ ते १९८१ या काळात बीबीसीच्या दूरचित्रवाणीवर तिचे ५६ भाग दाखविले गेले. त्यातील देवळाली इंग्लंडातच उभारलेली होती. रंगीराम या हिंदी नोकराची भूमिका झाशीत जन्मलेल्या मायकेल बेट्स या इंग्रज नटाने तोंडाला रंग फासून केली, आणि त्या रंगापायी बीबीसी आता ही मालिका पुन्हा दाखवीत नाही, याची मला फारशी हळहळ वाटत नाही. परंतु पहिल्याच पर्वातील दोन भाग बीबीसीने मुळातूनच पुसून टाकले होते, ते अशा कोणत्याही नैतिक विचाराने नव्हे; फीत महाग होती आणि तीच पुन्हा वापरता येत होती, एवढेच त्याचे कारण. ते भाग परत मिळाले ते ऑस्ट्रेलियातील कोणा प्रेक्षकाने घरच्या यंत्रावर उतरवून ठेवल्यामुळे. नाशिकच्या छावणीवरचा विनोद लंडनच्या दप्तरातून बाद व्हावा आणि दक्षिण गोलार्धातील एखाद्या दिवाणखान्यात सुखरूप राहावा, हा योगायोग त्या मालिकेतील कित्येक प्रसंगांपेक्षा अधिक विनोदी आहे.

याहूनही विलक्षण प्रकरण आमच्या शेजारच्या अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, १६ एप्रिल १९१८ रोजी जन्मलेल्या एका गृहस्थाचे आहे. स्पाइक मिलिगन हा हिंदुस्थानातील ब्रिटिश फौजेत चाकरीस असलेल्या आयरिश बापाचा मुलगा. पुण्याच्या कॉन्व्हेंटात अक्षरओळख, पुढे रंगूनचा मुक्काम, आणि कुमारवयात जे धुकट, काटकसरी इंग्लंड वाट्यास आले त्याच्याशी कधीच न जमलेले सूत, एवढे भांडवल घेऊन त्याने 'द गून शो' ही आकाशवाणी मालिका लिहिली. २८ मे १९५१ रोजी ती प्रथम ध्वनिक्षेपित झाली आणि २८ जानेवारी १९६० रोजी संपली. पीटर सेलर्स आणि हॅरी सिकोम हे तिचे दुसरे दोन आधारस्तंभ. त्यातला मेजर ब्लडनॉक हा हिंदुस्थानी फौजेतला भित्रा, पैसेखाऊ आणि रश्श्याने पोट बिघडलेला अधिकारी, किंवा लालकाका आणि बॅनर्जी ही एकमेकांच्या बोलण्यात अडकून पडणारी हिंदी जोडगोळी, ज्याचे बालपण लष्कराच्या कॅम्पात गेले नाही अशा लेखकास सुचणे कठीण होते. साम्राज्याची इतकी निर्दय थट्टा त्याच साम्राज्याच्या सरकारमान्य ध्वनिक्षेपण संस्थेतून, तीही शाही घराण्याच्या नादिष्ट कौतुकासह, नऊ वर्षे चालावी, याचे मला आजही नवल वाटते.

या मालिकेच्या पहिल्या पर्वाचा एकही भाग सलग हाती लागत नाही, आणि पहिल्या तीन पर्वांतले जे उरले आहे ते फारच थोडे. त्या काळी कार्यक्रम तबकडीवर किंवा फितीवर उतरवीत ते मुख्यतः पुनःप्रक्षेपणाच्या सोयीसाठी. ती सोय संपली की वस्तू निकालात निघे. मग नंतरची पर्वे टिकली कशी? याचे श्रेय दप्तरखान्याला नसून व्यापारी खात्याला आहे. परदेशांतील आणि वसाहतींतील आकाशवाणी केंद्रांना भाड्याने कार्यक्रम पुरविण्यासाठी बीबीसीची ट्रान्स्क्रिप्शन सर्व्हिस निवडक भागांच्या तबकड्या छापून घेई आणि त्या पेट्यांत भरून साता समुद्रांपलीकडे रवाना करी. मुदत संपताच त्या नष्ट कराव्यात अशी अटही घातलेली असे, आणि ती सर्वत्र इमानेइतबारे पाळली गेली नाही, हे आपले भाग्य.

मात्र या खात्याचा स्वतःचा एक कारकुनी विवेक होता. परदेशी श्रोत्यास न समजणारे स्थानिक उल्लेख, औचित्यास सोडून वाटलेले सूचक विनोद, आणि ठरलेल्या मिनिटांत न मावणारा मजकूर त्यातून कातरला जाई. त्यामुळे 'टिकलेला' भाग आणि 'संपूर्ण' भाग या दोन निराळ्या गोष्टी ठरल्या. सर्वस्वी नष्ट झालेल्या कृतीचा शोक एकदा करून मोकळे होता येते. अर्धवट उरलेली कृती मात्र मनुष्यास स्वस्थ बसू देत नाही, कारण सांधा कोठे आहे हे कानाला कळते आणि तेथे काय होते हे कळत नाही. श्रोतृवृंद खो खो हसत असतो आणि ज्याला तो हसला ते वाक्यच निघून गेलेले असते.

या सांध्यांवर टेड केंडल या ध्वनितंत्रज्ञाने दीर्घकाळ जे काम केले, त्याला संपादन हा एकच शब्द शोभतो. एकाच भागाची परदेशी तबकडी, बीबीसीतील एखादी फीत आणि कोणा हौशी श्रोत्याने आपल्या रेडिओवरून उतरविलेली खरखरीत प्रत अशी साधने समोर मांडायची, प्रत्येकीची गती एकमेकींशी जुळवायची, स्वच्छ प्रतीत जे वाक्य गळले आहे ते मलिन प्रतीतून उचलून त्याचा मळ शक्य तितका काढायचा, आणि मग ते अशा बेताने बसवायचे की सभागृहातील हशाचा ओघ मध्येच तुटू नये. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात डॉ. वि. स. सुकथनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाभारताच्या हस्तलिखितांतील पाठभेद ज्या निष्ठेने ताडून पाहिले, तीच निष्ठा येथे मेजर ब्लडनॉकच्या पोटाच्या गुरगुराटासाठी खर्ची पडली आहे. कोणास हा अतिप्रसंग वाटेल. मला तो परम आदरणीय वाटतो. तो गुरगुराट, जाता जाता सांगतो, १९५८ साली स्थापन झालेल्या बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपच्या आरंभीच्या कामगिरीपैकी एक होय, आणि तो मात्र चोख शाबूत आहे!

लिखित संहिता असताना एवढी यातायात कशासाठी, असा आक्षेप निघू शकतो. त्याचे उत्तर बीबीसीनेच नकळत देऊन ठेवले आहे. चौथ्या पर्वातील काही जुन्या संहिता १९५७-५८ मध्ये, मुख्यतः परदेशी केंद्रांसाठी, 'व्हिंटेज गून्स' या नावाने त्याच नटांकडून पुन्हा करवून घेण्यात आल्या. शब्द बहुतेक तेच, माणसेही तीच. परंतु मधल्या काळात पात्रांचे आवाज पक्के झालेले, लकबींना टाळ्या ठरलेल्या. आपण काय करीत आहोत हे ज्यांना स्वतःलाच पुरते उमगलेले नव्हते अशा तीन तरुणांची ती पहिली बेफिकिरी त्यात शोधणे व्यर्थ आहे.

आपल्याकडचा हिशेब याहून वेगळा नाही. मुंबई आकाशवाणीवरच्या 'पुन्हा प्रपंच'मधील पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी, म्हणजे बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी, यांनी महागाईपासून पाहुण्यांपर्यंत ज्या विषयांवर महाराष्ट्राला हसविले ते विषय त्या त्या आठवड्याचे होते. आणि आठवड्याचा विषय आठवड्यानंतर निरुपयोगी, हे कोणत्याही कचेरीचे गणित. फीत पुसून पुन्हा वापरण्याची किफायत आमच्या आकाशवाणीलाही मान्य होती. नेत्यांची भाषणे आणि उस्तादांचे गायन राखण्याजोगे, कौटुंबिक विनोद पुसण्याजोगा, असा भेद कोणत्याही लेखी हुकुमाशिवाय आपोआप अमलात आला. भरताने हास्याला रसपद बहाल केले. दप्तरखान्याने ती सनद कधी रुजू करून घेतली नाही.

फाळक्यांचेच पाहा. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्रा'च्या चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे एवढीच पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहेत, आणि तीही मूळची की १९१७ च्या दुसऱ्या आवृत्तीची, यावर अभ्यासकांत वाद आहे. त्या संग्रहालयाचे संस्थापक पी. के. नायर यांनी 'कालिया मर्दन'चे विखुरलेले तुकडे जुळवून चित्रपट उभा केला, हे नाशिकच्या स्मारकात निदान एका फलकावर तरी लिहिले जावे. पण हे सारे पौराणिक, पुण्यप्रद वाङ्मय. फाळक्यांनी 'पिठाचे पंजे' नावाचा एक छोटा विनोदी चित्रपटही काढला होता; तो गेला, आणि पुण्यतिथीच्या भाषणांत त्याचे नाव निघाल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

तेव्हा आता भिस्त खाजगी कपाटांवर. जुन्या नाशकातल्या वाड्यांत आणि देवळालीच्या बंगल्यांत मोठ्या चकत्यांचे टेपरेकॉर्डर एके काळी पुष्कळ होते, आणि त्यांवर रेडिओ उतरवून घेण्याचा नाद अनेकांना होता. अशी चकती हाती लागल्यास ती कौतुकाने जुन्या यंत्रावर चढवू नये. फितीवरचा थर सुटलेला असतो, किंवा फीतच ठिसूळ झालेली असते, आणि पहिल्याच फेरीत ती तुटते वा खरवडून निघते. बुरशी असल्यास हाताने पुसू नये, जाणकाराकडे द्यावी. आणि घरगुती फितीवर बहुधा दोन्ही दिशांनी मुद्रण केलेले असे, यास्तव डब्यावर ठसठशीत अक्षरांत 'सत्यनारायण' असे लिहिलेले असले, तरी दुसरी बाजू ऐकल्याखेरीज तो भंगारवाल्याच्या हवाली करू नये.