उंदीर वाढतात ते पोटरीच्या दिवसांत

अंबरनाथ पूर्वेला शिवमंदिर मागे टाकून मलंगगडाच्या दिशेने निघालं की इमारतींच्या अधेमधे अजून भातखाचरं लागतात. दिवाळीच्या सुमारास तिथल्या बांधावर ताज्या मातीचे ढीग दिसले आणि बिळाचं तोंड आतून मातीने बुजवलेलं असलं, तर आत बहुधा छोटी घूस असते. शास्त्रीय नाव बँडिकोटा बेंगालेन्सिस. आखूड तोंड, राठ गडद केस. डिवचली तर केस फुलवून गुरगुरते. बीळ खणलं की एखाद्या कप्प्यात भाताच्या लोंब्या भरून ठेवलेल्या सापडतात. कातकऱ्यांची नजर अशी बिळं अचूक हेरते; उंदीर आणि भात, दोन्ही त्यांच्या घरी कामी येतं.

उंदीर डोळ्यांत भरतात कापणीला, पण त्यांची वाढ सुरू होते ती भात पोटरीत आल्यावर. कोवळ्या लोंबीचा सकस आहार मिळू लागला की माद्या विऊ लागतात. गर्भकाळ जेमतेम तीन आठवड्यांचा, एका वेतात सरासरी सहा-आठ पिल्लं, आणि व्याल्यावर लगेच पुन्हा गाभण राहण्याची क्षमता. अन्न टिकलं तर तीन महिन्यांत एका मादीमागे दीड-दोन डझन पिल्लं सहज होतात.

अन्न किती दिवस टिकणार, हे आपल्या पेरणीवर ठरतं. एकाच शिवारात हळवं, निमगरवं आणि गरवं भात असलं की हळवं कापल्यावर उंदीर शेजारच्या उभ्या पिकात सरकतात. विणीचा हंगाम लांबतो आणि सगळ्यात शेवटी कापणाऱ्याला सर्वाधिक फटका बसतो. मिझोराममध्ये हेच फार मोठ्या प्रमाणावर घडतं. तिथला मौताक बांबू सुमारे 48 वर्षांनी फुलतो, बियांचा सडा पडतो, उंदीर बेसुमार वाढतात आणि बिया संपल्या की शेतांवर तुटून पडतात. 1959चा तिथला दुष्काळ त्यातूनच आला.

उन्हाळ्यात अन्न आटतं आणि संख्या घसरते. पावसात खाचरं पाण्याने भरली की कोरडी जागा उरते फक्त बांधांची. उंदीर सर्वात कमी आणि सर्वात कोंडलेले असतात ते याच दिवसांत. तरीही विषाची आमिषं पडतात ती कणसं कुरतडलेली दिसल्यावर. तेव्हा उभं पीक सोडून आमिषाकडे कोण वळणार? झिंक फॉस्फाइड थोडं खाऊन वाचलेला उंदीर त्या आमिषाला पुन्हा तोंड लावत नाही. मेलेल्यांची जागा आणि अन्न उरलेल्यांना मिळतं, ते पुन्हा वितात. विष खाल्लेला उंदीर गव्हाणी घुबडाने उचलला तर घुबडही दगावू शकतं, हे मला सर्वात जास्त खुपतं.

म्हणून मोहीम आषाढातच घ्या आणि साऱ्या शिवाराने एकाच आठवड्यात घ्या. बिळं खणून काढा, बांध फूटभरापेक्षा रुंद ठेवू नका, शेजाऱ्याशी बोलून एका वेळी तयार होणारं वाण लावा. घुबड आणि धामण दिसली, तर त्यांना हात लावू नका.