दोन इंचांची चूक, सव्वीस किलोंचा फरक

60 गुणिले 70 गुणिले 70, भागिले 660. उत्तर 445. हे एका म्हशीचं किलोंमधलं अंदाजी वजन. 60 इंच ही खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या हाडापर्यंतची लांबी, 70 इंच हा पुढच्या पायांच्या लगेच मागे घेतलेला छातीचा घेर. पशुवैद्यकांमध्ये हे शेफरचं सूत्र म्हणून ओळखलं जातं. फीत ढिली राहून घेराचे 72 झाले, तर वजन 471. लांबीत तेवढीच चूक झाली, तर 460. लांबीची चूक 15 किलोंची आणि घेराची 26 ची, कारण घेराचा वर्ग होतो. समजा किलोला 100 रुपये धरले, तर एका जनावरामागे 2,600 रुपये इकडचे तिकडे.

खानदेशात अमळनेर काय किंवा चोपडा काय, गुरांच्या सौद्यात फीत सहसा निघत नाही. वयासाठी दात बघायचे, आदत की दुसा, चौसा की जुळलेला. पुठ्ठ्यावर थाप मारायची, चार पावलं चालवायचं आणि रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायचा.

ऑस्ट्रेलियात या नजरेच्या जागी कॅमेरा बसवायचे प्रयोग झाले आहेत. खोली मोजणारा कॅमेरा पाठीचा आणि पुठ्ठ्याचा त्रिमितीय आकार टिपतो. संगणकाला आधी शेकडो जनावरांचे असे आकार दाखवतात आणि सोबत काट्यावरचं वजन, पुठ्ठ्यावरच्या चरबीची जाडी, जाणकारांनी दिलेली स्नायूंची श्रेणी सांगतात. त्यातून तो नव्या जनावराचा अंदाज बांधायला शिकतो. हे काम अँगस जातीच्या गाई-बैलांवर झालं आहे.

आपली अडचण इथेच सुरू होते. अँगसची पाठ सपाट, खिल्लार बैलाचं वशिंड उभं. वरून बघणाऱ्या कॅमेऱ्याला ते वशिंड म्हणजे चरबी वाटणार की मांस? म्हशीला वशिंड नाही, पण ओली काळी कातडी अवरक्त प्रकाश कमी परतवते, आणि असे बरेच कॅमेरे त्याच प्रकाशावर चालतात. त्यात खानदेशातलं मे महिन्याचं ऊन. सावलीतला खोडा आणि अरुंद वाट केल्याशिवाय आकडा विश्वासाचा येणार नाही.

दुसरा फरक कायद्याचा. महाराष्ट्रात मार्च 2015 पासून गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे मांसासाठीचं मोजमाप इथे म्हशींपुरतंच. हा धंदा लहान नाही: 2022-23 मध्ये भारतातून सुमारे 11.75 लाख टन म्हशीचं मांस निर्यात झालं, किंमत 25,648 कोटी रुपयांच्या आसपास. 2019 च्या पशुगणनेत राज्यात म्हशी साधारण 56 लाख, गाई-बैल 1 कोटी 40 लाख. 2012 मध्ये गाई-बैल 1 कोटी 55 लाख होते. बैलाच्या बाबतीत शेतकऱ्याला मांस नव्हे, ओढ हवी असते. ती फोटोत दिसत नाही. मात्र औषधाचा डोस आणि खुराक या दोन्हींसाठी वजन लागतंच.

काट्यालाही फसवता येतं. बाजारात येण्याआधी जनावराला 30 लिटर पाणी पाजलं की 30 किलो वाढले. फुगलेलं पोट आणि भरलेला पुठ्ठा कॅमेऱ्याला वेगळे दिसतात, पण तसं शिकवलं असेल तरच.

म्हणून माझं मत सरळ आहे: आधी नोंदी, मग यंत्र. 1 जून 2024 पासून राज्यात कानाच्या बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री करता येत नाही. त्या बिल्ल्यावर 12 अंक आहेत. बाजार समितीने एक काटा लावून बिल्ल्याचा क्रमांक, वजन आणि बाजूने-वरून दोन फोटो एकत्र ठेवले, तर यंत्राला शिकवायला खिल्लारची आणि म्हशींची आपलीच सामग्री तयार होईल. तोवर घरी फीत ठेवा, ती वशिंडाच्या मागून घ्या. आणि वजन सांगणारा कॅमेरा किंवा मोबाइल अॅप विकायला कुणी आलं, तर पैसे देण्याआधी दोन प्रश्न विचारा: किती खिल्लार आणि किती म्हशी दाखवून शिकवलंय, आणि काट्याशी फरक किती किलोंचा पडतो?