अनेक फाइलींतील एकवाक्यता

एखाद्या ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी एका फाइलीत व वाचकांची खाती दुसऱ्या फाइलीत ठेवलेली आहेत, अशी कल्पना करावी. दोन्ही फाइली दूरच्या सर्व्हरवर असून देवघेवीच्या खिडक्यांवरील संगणक जाळ्यामार्फत त्या वापरतात. पुस्तक परत आले म्हणजे दोन्हींत बदल करावा लागतो. पहिल्या फाइलीत नोंद झाली आणि दुसरीत होण्यापूर्वीच वीज गेली, तर पुस्तक कपाटात असूनही वाचकाच्या नावावर दंड चढत राहतो. प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे पाहिली तर निर्दोष. दोष आहे तो दोहोंच्या संबंधात. म्हणूनच तो सहजासहजी सापडत नाही.

एका फाइलीपुरता उपाय जुनाच आहे. मूळ फाइलीस हात न लावता नवी फाइल निराळ्या नावाने पूर्ण लिहावयाची, ती डिस्कवर उतरल्याची खात्री करावयाची, आणि मग तिला जुन्या फाइलीचे नाव द्यावयाचे. युनिक्स धर्तीच्या प्रणालींत हे नामांतर अखंड असते; पाहणाऱ्यास जुनी फाइल दिसते किंवा नवी, अर्धवट कधीच नाही. परंतु दोन फाइलींचे नामांतर एकाच क्षणी करण्याची सोय नसते, आणि घात होतो तो नेमका मधल्या क्षणात.

जाळ्यामुळे अडचणी वाढतात. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने १९८४ साली पुढे आणलेल्या ‘नेटवर्क फाइल सिस्टिम’मध्ये उत्तर न आल्यास संगणक तीच विनंती पुन्हा पाठवतो. नामांतर पार पडले, पण उत्तर वाटेत हरवले, तर दुसऱ्या खेपेस जुने नाव सापडत नाही आणि झालेले काम ‘झाले नाही’ असे कळविले जाऊ शकते. शिवाय वेग साधण्यासाठी प्रत्येक संगणक फाइलींची माहिती स्वतःजवळ काही काळ ठेवतो. लिनक्समध्ये हा काळ सामान्यतः ३ ते ६० सेकंद असतो. तेवढ्यात एका खिडकीवर एक फाइल नवी व दुसरी जुनी दिसणे शक्य असते.

यावर एक साधी युक्ती आहे. प्रत्येक बदलासाठी नवा फोल्डर करून त्यात दोन्ही फाइलींच्या नव्या प्रती पूर्ण लिहावयाच्या. एकदा लिहिलेल्या प्रतीत पुन्हा फेरफार करावयाचा नाही. ‘चालू’ नावाच्या लहानशा फाइलीत केवळ त्या फोल्डरचे नाव असावे, आणि सर्व तयारी झाल्यावर एवढी एकच फाइल नामांतराने बदलावी. वाचणाऱ्या संगणकाने ‘चालू’ एकदाच पाहून दोन्ही प्रती त्याच फोल्डरमधून घ्याव्यात. त्यास जुने नाव मिळाले तरी जोडी परस्परांशी जुळणारीच मिळते. नामांतर फसल्याचा निरोप आला, तर ‘चालू’ पुन्हा उघडून पाहावी. खरे काय घडले ते तीच सांगते.

मात्र दोन खिडक्यांनी एकाच जुन्या जोडीवरून दोन नव्या जोड्या बनविल्या, तर एकीचा बदल पुसला जाईल. म्हणून लिहिणाऱ्याने आधी सर्व्हरकडून कुलूप मिळविणे अवश्य आहे. या प्रणालीच्या चौथ्या आवृत्तीत कुलूप मुदतीचे असते. संपर्क तुटलेल्या संगणकाचा हक्क मुदतीनंतर संपुष्टात येऊ शकतो, हे त्याने विसरता कामा नये. जुने फोल्डरही घाईने काढून टाकू नयेत, कारण एखादी खिडकी अजून तेथूनच वाचत असेल.

हजारो नोंदींच्या फाइली प्रत्येक वेळी नव्याने लिहिणे अर्थात खर्चाचे ठरते. तेथे हे काम डेटाबेसकडे सोपविणे बरे. ज्या संशोधनावर अशा प्रणाली उभ्या आहेत, त्यातील कार्याबद्दल जिम ग्रे यांना १९९८ सालचे ट्यूरिंग पारितोषिक देण्यात आले.