भिंतीवरची हमी आणि तळाचा स्नायू

गोरेगावहून चर्चगेटकडे निघालेल्या लोकलच्या खिडकीतून रुळांकडेच्या भिंतींवर दिसणारी, गमावलेले पौरुष थोड्या मुदतीत परत मिळवून देण्याची हमी कित्येक वर्षे माझी सोबत करीत आली आहे. अशा जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने मनाई आहे, हे मात्र त्या भिंतींना कोणी कळविलेले दिसत नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ हे कामविषयक मासिक काढले, त्यापायी कोर्टाची पायरी चढली, तरी या विषयाबाबतचा आपला संकोच अद्याप पुडीवाल्याच्याच पथ्यावर पडतो.

वास्तविक ताठरतेच्या तक्रारीवर विनाऔषध इलाज आहेत. इंद्रियात शिरलेले रक्त तेथेच अडवून धरण्यास श्रोणितलाचे, म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी झोळीसारखे ताणलेले, स्नायू हातभार लावतात. डॉ. आर्नल्ड केगल यांनी १९४८ साली प्रसूत स्त्रियांसाठी मांडलेला या स्नायूंचा व्यायाम पुरुषांनाही लागू पडतो. हठयोगातला मूलबंध जाणणाऱ्यास तो परका वाटणार नाही. चारचौघांत वायू रोखताना जो स्नायू आपण आत ओढतो, तोच आकसावा, काही क्षण धरावा, मग पूर्ण सैल सोडावा. श्वास कोंडू नये, मांड्या व नितंब आवळू नयेत. आधी पडून, नंतर बसून, उभ्याने, आणि सवय झाल्यावर लोकलच्या गर्दीतही, शेजाऱ्याला सुगावा लागू न देता, तो करता येतो. इंग्लंडात ग्रेस डोरी या फिजिओथेरपिस्ट बाईंनी ५५ पुरुषांवर केलेल्या, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहा महिन्यांनी ४० टक्के पूर्ववत झाले, आणखी ३५ टक्क्यांना उतार पडला. उरलेल्यांना गुण आला नाही, हेही प्रामाणिकपणे नमूद आहे.

याखेरीज हवा ओढून इंद्रियात रक्त आणणारे नळकांडे आहे; आलेले रक्त अडवण्यासाठी इंद्रियाच्या मुळाशी चढवायचे त्याचे कडे अर्ध्या तासापेक्षा अधिक ठेवू नये. झपझप चालणे तर फुकटच: आठवड्यातून चार वेळा चाळीस मिनिटे, सहा महिने. त्यासाठी आरे कॉलनीचा सकाळचा रस्ता पुरेसा आहे.

तथापि इंद्रियाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांहून बारीक असल्याने त्या आधी तुंबतात, आणि ही तक्रार कधीकधी हृदयविकाराची पहिली वर्दी ठरते. म्हणून ती नव्याने सुरू झाली असल्यास व्यायामाआधी डॉक्टरांना गाठून रक्तातली साखर आणि रक्तदाब मोजून घ्यावा. भिंतीवरचा नंबर उतरवून घेऊ नये.