दीर्घिकासमूहांचे वजन

रात्रीच्या वेळी परळ-लालबागकडे दुरून पाहिले असता चाळींच्या व इमारतींच्या उजळलेल्या खिडक्या दिसतात. त्या मोजून तेथील माणसांची संख्या ठरविली, तर हिशेब चुकेल. अंधारात निजलेली माणसे त्यात येणार नाहीत. दीर्घिकासमूहांचे वस्तुमान केवळ प्रकाशावरून ठरविताना खगोलशास्त्रज्ञांचाही असाच हिशेब चुकला.

अब्जावधी ताऱ्यांच्या विशाल समुदायास दीर्घिका म्हणतात. आपली आकाशगंगा ही अशीच एक दीर्घिका होय. अठराव्या शतकाच्या अखेरीस मेस्ये व विल्यम हर्शेल यांना कन्या व अरुंधती-केश या तारकासमूहांच्या दिशेस धूसर तेजोमेघांची दाटी आढळली. असे तेजोमेघ म्हणजे आकाशगंगेबाहेरील स्वतंत्र दीर्घिका होत, हे मात्र हबल यांच्या १९२३-२४ मधील निरीक्षणांनंतरच निश्चित झाले.

गोफणीतील दगड जितक्या वेगाने फिरवावा, तितकी दोरी मजबूत लागते. १९३३ साली झ्विकी यांना असे दिसून आले की, अरुंधती-केशातील समूहाच्या दीर्घिका फारच वेगाने धावत आहेत. दिसणाऱ्या ताऱ्यांचे गुरुत्वाकर्षण त्यांस बांधून ठेवण्यास अपुरे होते. तेव्हा तेथे न दिसणारे द्रव्य पुष्कळ असले पाहिजे, असे अनुमान त्यांनी काढले. त्यांचा आकडा पुढे बराच कमी करावा लागला. तूट मात्र राहिलीच.

१९७० नंतर उपग्रहांवरील क्ष-किरण उपकरणांनी या समूहांत कोट्यवधी अंश तापलेला वायू दाखविला. त्याचे वस्तुमान ताऱ्यांहून अधिक भरले, तरीही हिशेब पुरा झाला नाही. आज समूहाच्या वस्तुमानाचा शेकडा ८० हून अधिक भाग अदृश्य द्रव्याचा मानतात. ते कशाचे बनले आहे, हे अद्याप उमगलेले नाही.

या संशोधनात महाराष्ट्राचाही वाटा आहे. मुंबईस कुलाबा येथे असलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने नारायणगावाजवळ खोडद येथे ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण उभारली आहे. प्रत्येक तबकडीचा व्यास ४५ मीटर आहे. दीर्घिकासमूहांतून येणाऱ्या रेडिओलहरी तीवर टिपल्या जातात. पुण्याच्या आयुका संस्थेतील संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षे दूर असलेला दीर्घिकांचा एक महासमूह शोधून त्यास 'सरस्वती' हे नाव दिले.

मुलाचे उत्तर जमले नाही, म्हणजे शिक्षकांनी त्याची पाटी लगेच पुसावयास लावू नये. पायऱ्या पुन्हा तपासाव्यात, काय सुटले ते त्यालाच शोधू द्यावे. न जमलेला हिशेब झ्विकी यांनी लपविला नाही, म्हणूनच अदृश्य द्रव्याचा माग लागला.