टाकाऊ फळीतून कीर्तिमुख



देवळाच्या उंबरठ्यावर बटबटीत डोळ्यांचा, दात विचकलेला चेहरा तुम्ही पाहिला असेलच. खालचा जबडा बहुतेक वेळा नसतो, आणि भुवया-गालांच्या कडा वळत वळत पानं-वेली होतात. हेच कीर्तिमुख. नवी मुंबईकरांनी अंबरनाथच्या शिवमंदिरात (शके ९८२, इ. स. १०६०) मुलांना न्यावं आणि तिथली कीर्तिमुखं शोधायला सांगावीत.

गोष्टही सांगा. राहूला खाण्यासाठी शंकराने एक राक्षस निर्माण केला. राहू शरण आला, त्याला अभय मिळालं. मग भुकेल्या राक्षसाने शंकराच्या आज्ञेने स्वतःचंच शरीर खाल्लं. उरलं फक्त मुख! त्याला दाराशी मानाची जागा मिळाली.

लाकूड

भंगारवाल्याकडे माल वाहण्याच्या पॅलेटच्या फळ्या मिळतात. साधारण इंचभर जाडीची, न चिरलेली फळी निवडा. शिक्का वाचा: ‘एचटी’ म्हणजे उष्णता देऊन कीडमुक्त केलेलं लाकूड. ‘एमबी’ म्हणजे विषारी वायू दिलेलं, ते नको. सगळे खिळे आधी काढा, नाहीतर पटाशीची धार गेलीच.

कृती

१. कागद मधोमध दुमडून अर्धाच चेहरा काढा आणि कापा. उघडला की दोन्ही बाजू सारख्या. हा कागद फळीवर चिकटवा.

२. फळी टेबलाला क्लॅम्पने घट्ट बांधा. दोन्ही हात नेहमी धारेच्या मागेच हवेत.

३. आधी चेहऱ्याभोवतीचं लाकूड पाच-सहा मिलिमीटर खाली न्या. नाक सर्वांत उंच राहू द्या. मग डोळे, तोंड, पानं शेवटी.

४. लाकडाच्या रेषा पाहून कोरा. ढलपी खोलवर फाटू लागली, की थांबा आणि उलट बाजूने या.

माझ्या पहिल्या कीर्तिमुखाचं नाक असंच उडालं. रेषांविरुद्ध जोर लावला होता, दुसरं काय! मग सगळा चेहराच थोडा खाली घेतला आणि बसकं नाक कोरलं. मुलांना तेच जास्त आवडलं. चुकलेलं लाकूड परत लावता येत नाही, पण उरलेल्यातून मार्ग काढता येतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

वर्गासाठी

लहान मुलांच्या हाती पटाशी देऊ नका. साबणाची वडी आणि आईस्क्रीमची काडी द्या. उंच काय, खोल काय, हे तिथेही कळतं.

करून पाहा, आणि नाक उडालं तर फळी फेकू नका हं!