काडीमोडाच्या काळात बंदूक घरात नको

"डॉक्टरांनू, पुढचा इलेक्शन कधी आसा?"

२०२४ च्या जून महिन्यात, लोकसभेचा निकाल लागून पंधरा दिवस झाले असतील, दवाखान्यात आलेल्या एका बाईंनी मला हा प्रश्न विचारला. मला वाटले, यांच्या घरात कुणी राजकारणातले असेल. मी गमतीने म्हणालो, "विधानसभा आहे की दिवाळीच्या सुमारास. का, उभ्या राहताय?" बाई हसल्या नाहीत. त्यांनी मान खाली घातली आणि पदराने डोळे टिपले.

ओळख पटू नये म्हणून गाव आणि काही तपशील बदलून ही हकिकत सांगतो.

बाई फेब्रुवारीपासून माझ्याकडे येत होत्या. झोप नाही, छातीत धडधड, पित्ताचा त्रास, डोकेदुखी. वय पस्तीसच्या आसपास. रक्त तपासले, ईसीजी काढला, थायरॉइड पाहिले. सगळे ठीक. झोपेची गोळी दिली तरी गुण येईना. एप्रिल-मे महिन्यांत मात्र बाई एकदम टवटवीत दिसू लागल्या. गोळीशिवाय झोप लागते म्हणाल्या. मी मनात माझ्याच औषधाला शाबासकी दिली. जून उजाडला आणि तक्रारी पुन्हा सुरू झाल्या.

शाबासकी औषधाची नव्हतीच. मार्चमध्ये आचारसंहिता लागली आणि त्यांच्या नवऱ्याची शेतीसंरक्षणाची बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली. निकाल लागला, बंदूक घरी परत आली, आणि बाईंची झोप गेली.

नवरा-बायकोचे अनेक वर्षे पटत नव्हते. जानेवारीत बाईंनी वकिलांची गाठ घेतली. हे कळल्यापासून नवरा रोज रात्री जेवण झाले की ओटीवर बसून बंदूक पुशी. त्याने ती कधी उगारली नाही, शिवीगाळही केली नाही. एकदाच म्हणाला होता, "कोर्टात कोण जाता ता बघूया." बाईंना तेवढे पुरेसे होते.

इथे मला माझी चूकही कबूल केली पाहिजे. शस्त्र परवान्याच्या अर्जाला डॉक्टरांचा दाखला लागतो. शारीरिक व मानसिक प्रकृती ठीक आहे, व्यसनाच्या आहारी गेलेला नाही, असे त्यात लिहायचे असते. या गृहस्थाच्या कागदांवरचा दाखला माझ्याच सहीचा होता. मी डोळे तपासले, रक्तदाब घेतला, दारूचे विचारले. "सणासुदीला," तो म्हणाला. मी सही केली. घरी काय चालले आहे, हा प्रश्न मला सुचलाही नाही.

धोक्याचा काळ कोणता?

आपल्याकडे असा समज आहे की बाई माहेरी निघून आली, वकिलाची नोटीस गेली, की सुटली बिचारी. प्रत्यक्षात धोका त्याच वेळी वाढतो. जो माणूस बायकोवर सतत हुकमत गाजवत आला, त्याला ती हातातून निसटते आहे असे वाटते, तेव्हा त्याचा तोल जाण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

याचा सविस्तर अभ्यास अमेरिकेत झाला, कारण त्या देशात माणसांपेक्षा बंदुका जास्त आहेत. जॅकलिन कॅम्पबेल या परिचर्या शास्त्राच्या प्राध्यापिका. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या अकरा शहरांतली माहिती गोळा करून २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. नवऱ्याकडून किंवा जोडीदाराकडून मारहाण सोसणाऱ्या स्त्रियांपैकी, ज्यांच्या जोडीदाराच्या हाताशी बंदूक होती, त्यांचा खून होण्याचा धोका सुमारे पाचपट होता. हुकमत गाजवणाऱ्या जोडीदारापासून वेगळे झाल्यावर तर धोका सुमारे नऊपट आढळला. विभक्त होणे आणि घरात बंदूक असणे हे दोन्ही एका घरात आले, तर त्या घराची काळजी डॉक्टरांनी हृदयरोग्यासारखीच केली पाहिजे.

आपल्या देशात घरगुती मारहाणीत बंदूक क्वचितच निघते. इथे काठी, कोयता, रॉकेल ही जुनी हत्यारे आहेत. पण आपल्या तळकोकणात रानडुकरे आणि माकडे यांच्यापासून शेती-बागायत राखण्यासाठी कित्येक घरांत ठासणीची किंवा काडतुसाची बंदूक परवान्याने असते. वर्षानुवर्षे खुंटीला टांगलेली ती बंदूक घराच्या माणसांना दिसेनाशी होते. म्हणून हा विषय आपल्यासाठी परका नाही.

राग उतरतो, गोळी परत येत नाही

धोका फक्त बायकोला असतो असे नाही. संसार मोडण्याच्या काळात पुरुषही खचतो. मुले दुरावतात, गावात चर्चा होते, दारू वाढते, झोप उडते. अशा अवस्थेत तो दुसऱ्याच्या जिवावर उठतो किंवा स्वतःच्या. कधी दोन्ही एकाच रात्री घडते.

अशा वेळचा विचार वर्षभर टिकत नाही, तो लाटेसारखा येतो आणि ओसरतो. अमेरिकेत ह्यूस्टन भागात आत्महत्येच्या गंभीर प्रयत्नातून वाचलेल्या तरुण मंडळींकडे चौकशी केली गेली. त्यांच्यातल्या जवळजवळ चौथ्या हिश्शाने विचार मनात येणे आणि कृती करणे यांच्यात पाच मिनिटेही घालवली नव्हती. त्या पाच मिनिटांत घातक वस्तू हाताशी नसली तर माणूस वाचतो, आणि असा वाचलेला बहुसंख्य माणूस पुढे आपले आयुष्य पुरे जगतो.

शेजारच्या श्रीलंकेचे उदाहरण घ्या. १९९५ च्या सुमारास तिथले आत्महत्यांचे प्रमाण जगातल्या सर्वांत वरच्या देशांत मोडत होते, आणि बहुतेकांनी शेतीचे विषारी औषध घेतलेले असे. सरकारने अतिविषारी औषधांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली. पुढच्या वीस वर्षांत प्रमाण निम्म्याहून खाली आले. तिथल्या माणसांची दुःखे काही संपली नव्हती, फक्त जीवघेणी वस्तू हाताशी राहिली नाही. बंदुकीचे गणित हेच आहे.

आपल्या कायद्यात सहमतीच्या घटस्फोटासाठी पहिल्या अर्जानंतर साधारण सहा महिने थांबावे लागते. योग्य प्रकरणात ही मुदत माफ करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले. डोके शांत व्हावे, फेरविचार व्हावा, म्हणून हे सहा महिने ठेवले आहेत. पण त्याच सहा महिन्यांत भरण्याजोगी बंदूक खुंटीवर असेल, तर त्या थांबण्याचा काय उपयोग?

निवडणुकीला चालते, मग आता का नको?

निवडणूक जाहीर झाली की अनेक परवानाधारकांना नोटिसा येतात. बंदुका ठाण्यात जमा होतात, पावती मिळते, निकालानंतर त्या परत येतात. यात कुणाला अपमान वाटत नाही. "मी काय दरोडेखोर आहे?" असे कुणी विचारत नाही. तणावाचा काळ आहे, शस्त्र बाजूला ठेवलेले बरे, हे सगळे मान्य करतात. गावातल्या निवडणुकीपेक्षा घरातल्या काडीमोडाचा तणाव कमी असतो काय?

१९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार सार्वजनिक सुरक्षिततेला धोका दिसल्यास परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला, म्हणजे आपल्याकडे जिल्हादंडाधिकाऱ्यांना आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली न्यायदंडाधिकारी स्त्रीला संरक्षणाचा आदेश देऊ शकतात. निकड असेल तर दुसऱ्या बाजूचे म्हणणे ऐकण्यापूर्वीही अंतरिम आदेश निघतो. हिंसेत वापरल्याचा आरोप असलेले शस्त्र पोलिसांच्या मदतीने जप्त करण्याचे काम दंडाधिकारी संरक्षण अधिकाऱ्याला सांगू शकतात, अशी तरतूद त्या कायद्याच्या नियमांत आहे.

अमेरिकेत १९९४ पासून असा कायदा आहे की न्यायालयाने सुनावणी घेऊन ज्याच्याविरुद्ध घरगुती हिंसेचा संरक्षण आदेश काढला, त्याला आदेश असेपर्यंत बंदूक बाळगता येत नाही. बंदुकीचा हक्क राज्यघटनेत लिहिलेल्या त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ च्या जूनमध्येच आठ विरुद्ध एक मतांनी हा कायदा कायम केला. ज्यांच्या लेकी-सुना तिकडे आहेत, त्यांनी हे लक्षात ठेवावे.

काय करावे?

१. बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी. काडतुसे, दारू, छर्रे हेही घरात ठेवू नयेत.

२. "भावाकडे नेऊन ठेवतो" हा उपाय नव्हे. परवाना नसलेल्या माणसाकडे बंदूक देणे हा दोघांचाही गुन्हा ठरतो.

३. बायकोने बंदूक लपवू नये, भरलेली असल्यास हातही लावू नये. लपवल्याचे लक्षात आले की तंटा तिथेच पेटतो.

४. पुढील खुणा दिसल्या तर थांबू नये: जिवे मारण्याची किंवा स्वतः मरण्याची धमकी, पूर्वी कधी गळा दाबलेला असणे, पाळत ठेवणे, टोकाचा संशय, वाढलेली दारू. यातील गळा दाबणे ही फार मोठी खूण आहे. वळ दिसत नाहीत म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करू नका.

५. घर सोडायचे ठरले असेल तर ते भांडणाच्या भरात नवऱ्याला सांगू नये. आधी सुरक्षित जागा ठरवावी. मुलांचे कागद, आधार कार्ड, बँकेचे पुस्तक, नेहमीची औषधे एका पिशवीत विश्वासू माणसाकडे ठेवावीत.

६. मदतीसाठी ११२ आणि महिलांसाठी १८१ हे क्रमांक आहेत. तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे किंवा जिल्ह्याच्या सखी केंद्रात जाता येते. स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

७. पुरुषांनी मन मोकळे करायला लाजू नये. १४४१६ या क्रमांकावर मानसिक आरोग्याचा सल्ला मोफत मिळतो, मराठीतही मिळतो.

८. घरात बंदूक नसली तरी हाच नियम शेतीच्या विषारी औषधांना लावावा. डबे कुलपात, किल्ली दुसऱ्याकडे.

पुढे काय झाले?

मी त्या बाईंना आधी एकच विचारले: "मी हा विषय काढला तर तुमच्या जिवाला धोका वाढेल का?" हे विचारल्याशिवाय कुणीही, अगदी डॉक्टरांनीही, मध्ये पडू नये. बाई म्हणाल्या, नवरा ऐकला तर थोरल्या दिरांचे ऐकेल. त्या मुलांना घेऊन चार दिवस माहेरी गेल्या, आणि मग थोरले भाऊ आणि मी त्याच्याकडे गेलो.

त्याला राग आला. "मी काय खुनी आसंय?" असे त्याने विचारले. थोरले शांतपणे म्हणाले, "खुनी नाय म्हणानच सांगतंय. इलेक्शनाक देतंस, तशी आता दी." बराच वेळ कुणी बोलले नाही. मग त्याने डुकरांचे काय, असे विचारले. शेजारच्या वाडीत एक परवानाधारक होते, त्यांनी त्या हंगामापुरती राखण करायचे कबूल केले. दुसऱ्या दिवशी थोरले त्याच्याबरोबर ठाण्यात जाऊन आले आणि पावती घेऊन आले.

घटस्फोट झाला. तो टळला असे मी सांगणार नाही, आणि टाळणे हे माझे कामही नव्हते. मुले आईकडे आहेत, सुटीत वडिलांकडे येतात. बाईंना झोपेची गोळी लागत नाही.

गेल्या पावसाळ्यात तो गृहस्थ तापासाठी दवाखान्यात आला होता. तपासून झाल्यावर तो उठला नाही. म्हणाला, "डॉक्टर, कोर्टाचा कागद आला त्या रात्री मी पिऊन बसलेलो. दोनदा खुंटीकडे बघितलं. खुंटी रिकामी होती. तिचं जाऊ दे, मीच राहिलो नसतो."

त्यानंतर मी माझी एक सवय बदलली आहे. परवान्याच्या दाखल्यासाठी कुणी आला की रक्तदाबाआधी घरचे विचारतो. आणि कुणी बाई "झोप लागत नाही" म्हणाल्या, की घरात बंदूक आहे का, तेही विचारतो.

वाचकहो, तुमच्या नात्यात, शेजारात कुणाचा संसार मोडत असेल, तर चूक कुणाची हे ठरवायला वकील आहेत, न्यायाधीश आहेत. तुम्ही फक्त बंदूक कुठे आहे ते विचारा. घरात असेल तर ती आजच जमा होईल असे पाहा. सगळे शांत झाले की ती परत आणता येते.